कोकणात विद्यापीठाचं मैदान वाढवताना आधी छप्पर बांधा

सुरुवात सातबाऱ्यापासून करा. मैदान वाढवायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत सिंथेटिक ट्रॅक निळा हवा की लाल यावर चर्चा रंगते, आणि जागा कुणाच्या नावावर आहे हा विषय चहाच्या कपाबरोबर बाहेर जातो. पुढे तोच विषय वर्षभर फाइल अडवून बसतो. सड्यावरची, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावरची, जी जागा ‘आपलीच’ म्हणून दोन पिढ्या वापरात आहे ती कागदावर बऱ्याचदा सामायिक असते. तीस-चाळीस नावं, त्यातली निम्मी माणसं मुंबईत, काही हयात नाहीत, वारसनोंद कुणी केलेली नाही. अनुदान देणारं कार्यालय मालकी नाहीतर दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत करार मागतं, आणि सह्या गोळा करायच्या तर गणपती आणि मे महिना हे दोनच मुहूर्त, कारण तेव्हाच चाकरमानी गावात असतो. म्हणून आराखड्याच्या आधी सह्यांचं वेळापत्रक बनवा.

मी दक्षिण कोकणात एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक आहे. विद्यापीठाच्या आणि शेजारच्या महाविद्यालयांच्या अशा समित्यांवर मला बोलावतात, बहुधा महिला सदस्य हवी म्हणून. तिथे मी जे बोलते तेच इथे लिहिते आहे.

जागा पाहायला जाताना गावातल्या एखाद्या वयस्क माणसाला बरोबर घ्या. होळीचा मांड कुठे, शिमग्याची पालखी कुठून जाते, गुरं पाण्यावर कुठल्या वाटेने उतरतात हे नकाशात नसतं. पालखीच्या वाटेवर कुंपण घातलंत तर ते पहिल्याच शिमग्याला मोडेल, आणि मोडणाऱ्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आराखड्यातच रुंद फाटक ठेवा, त्या दिवशी उघडा, विषय संपला.

दुसरी गोष्ट कातळाची. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. बारसू, कशेळी, उक्षी, देवीहसोळ, कुडोपी अशी काही ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण अजून कुणी न पाहिलेली, गवताखाली मातीने बुजलेली शिल्पंही असू शकतात. जेसीबी चढवण्याआधी एकदा सकाळी लवकर, ऊन तिरपं असताना, सगळा सडा पायी फिरा. तिरप्या उजेडात कोरलेल्या रेषेची सावली पडते, दुपारी काही दिसत नाही. काही सापडलं तर पुरातत्त्व विभागाला कळवा आणि मैदान बाजूला सरकवा. जागा किनाऱ्याजवळ असेल तर सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा, नकाशा आधी मागवा. भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतच्या पट्ट्यात कुठे काय बांधता येतं यावर बंधनं आहेत, आणि खाडीकाठालाही ती लागतात. नदीकाठची जागा स्वस्तात मिळत असेल तर पाटबंधारे खात्याची पूररेषा बघा. जुलै २०२१ मध्ये चिपळूणचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.

आता मुद्द्याचं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात आणि हिवाळ्यापर्यंत चालतात. म्हणजे मुलांची तयारी व्हायला हवी जून ते सप्टेंबरमध्ये. त्या काळात इथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, काही ठिकाणी त्याहून बराच जास्त. मैदान कितीही सुंदर असो, जुलैत त्यावर बेडूक खेळतात. ऑक्टोबरात जमीन वाळते तोवर निम्म्या संघांची निवड होऊन गेलेली असते. घाटावरच्या महाविद्यालयांशी आपली मुलं हरतात त्याचं एक कारण हे आहे. चिवटपणा आपल्या मुलांत कमी नाही. म्हणून माझं सांगणं एकच असतं, हातात पैसा एकाच कामापुरता असेल तर छप्पर बांधा, म्हणजे छपराखालचा खेळाचा हॉल. मैदान थांबेल.

किती मोठं? हँडबॉलचं मैदान ४० बाय २० मीटर असतं. ते चारी बाजूंना दोन-दोन मीटर मोकळे ठेवून, म्हणजे ४४ बाय २४ मीटरमध्ये बसवलं, तर बाकीचं बरंच काही त्यात आपोआप बसतं. खो-खोचं २७ बाय १६, व्हॉलीबॉलचं १८ बाय ९, पुरुषांच्या कबड्डीचं १३ बाय १० आणि महिलांचं १२ बाय ८, शेजारी शेजारी चार बॅडमिंटन कोर्टं. उंची नऊ मीटर धरा. वास्तुविशारद खर्च वाचवायला ती सहावर आणतात. मग बॅडमिंटनचं फूल आणि व्हॉलीबॉलचा चेंडू तुळईला लागतो आणि हॉल लग्नासमारंभांना भाड्याने द्यायच्या कामाचा उरतो. आणि खांब कडेलाच हवेत, मध्ये एकही नको.

भिंती पूर्ण बंद करू नका. कंबरेइतका जांभ्याचा चिरा, वर तिरप्या पट्ट्या, त्यातून वारा फिरेल पण झड आत येणार नाही. छपराची पडवी चांगली दीड-दोन मीटर बाहेर काढा. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दापोली पट्ट्यातून गेलं, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकलं, आणि दोन्ही वेळा शाळा-महाविद्यालयांचे पत्रे गावभर गोळा करावे लागले. मोकळ्या बाजूंच्या शेडमध्ये वारा आत शिरून छपराला खालून उचलतो. पत्र्याच्या जाडीवर वाद घालण्यापेक्षा पत्रा कशाने धरला आहे ते विचारा, कारण खाऱ्या वाऱ्यात सगळ्यात आधी गंजतात ते हुक आणि बोल्ट. हे हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या, ठेकेदाराच्या ‘मॅडम, काय होत नाय’ वर सोडू नका. आणि दर मे महिन्यात हुक तपासायला माणूस चढवण्याची तरतूद अंदाजपत्रकात घाला.

जमिनीला लाकूड घालू नका. मुंबईतला एसी हॉल पाहून आलेले सदस्य हमखास लाकडी फ्लोअर मागतात. इथल्या दमटपणात फळ्या फुगतात, मग पाय अडखळतात. घोटीव काँक्रीट आणि त्यावर गुंडाळून ठेवता येणाऱ्या मॅट पुरतात. मॅटनाही श्रावणात बुरशी धरते. त्यांच्यासाठी आरपार वारा असलेली खोली, जमिनीपासून वीतभर उंच फळ्या आणि आठवड्यातून एकदा पुसून वाळवण्याची शिस्त हवी. बहुतेक प्रस्तावांत ही खोलीच नसते, त्यामुळे मॅट जिन्याखाली जातात आणि दुसऱ्या पावसाळ्यात फेकल्या जातात.

हॉलच्या आधी बांधायची एक वस्तू मात्र आहे. मुलींसाठी स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची खोली, आतून कडी लागणारी, पाणी असलेली, दिवा असलेली. ही नसेल तर बाकी सगळं मुलांसाठी बांधलंय असं समजा.

दुसरं म्हणजे एसटी. संध्याकाळी पाच ते सात सराव असं वेळापत्रक कुठल्याही विद्यापीठात चालतं, पण आमच्याकडे मुली वाड्यावाड्यांतून येतात. अनेक गावांची शेवटची गाडी सहाच्या आत स्टँड सोडते. ‘मॅडम, गाडी चुकली तर घराक कशी जातलंय?’ या प्रश्नाला माझ्याकडे कधीच उत्तर नव्हतं. उत्तर वेळापत्रकात शोधावं लागतं. आमच्या इथे सराव सकाळच्या पहिल्या गाडीनंतर आणि तासांच्या आधी होतो, आणि दुपारच्या मोकळ्या तासाला हॉल फक्त मुलींसाठी असतो. तुम्ही प्रस्ताव करण्याआधी तुमच्या खेळाडूंची गावं लिहून काढा, समोर पहिल्या आणि शेवटच्या गाडीची वेळ लिहा. त्या एका कागदावरून कळेल की फ्लडलाइटवर पैसे घालायचे की आगार व्यवस्थापकाकडे फेरी अर्धा तास पुढे नेण्याचा अर्ज द्यायचा. अर्ज फुकट असतो. गाडी बदलत नसेल तर फ्लडलाइटचे पैसे मुलींच्या वसतिगृहातल्या दोन जादा खोल्यांवर घाला.

चारशे मीटरच्या ट्रॅकबद्दल थोडं कठोर बोलते. आठ लेनचा ट्रॅक साधारण १७७ बाय ९३ मीटर जागा घेतो, म्हणजे चार एकर सपाट जमीन, बाजूची गटारं आणि फेकीची जागा वेगळी. डोंगरउतारावर एवढं सपाट करायला एका बाजूला जांभा तोडायचा आणि दुसऱ्या बाजूला भराव घालायचा. भराव पहिल्या दोन पावसाळ्यांत बसतो, त्यावरचा ट्रॅकही त्याच्याबरोबर बसतो. शिवाय सिंथेटिक पृष्ठभागावर पावसाळाभर शेवाळ. पैसा आणि जागा दोन्ही असतील तर जरूर करा, पण भराव दोन पावसाळे तसाच राहू द्या, मग वरचा थर घाला. आडवा उतार शंभराला एकच्या आत ठेवावा लागतो, म्हणजे पाणी काढायचं काम गटारावरच येतं. गटाराचा तळ ट्रॅकच्या खडीच्या थराखाली जातो ना, ते प्रत्यक्ष उतरून बघा. सही करण्याआधी चिपळूणजवळ डेरवणचं आणि पुण्यात बालेवाडीचं, दोन्ही क्रीडासंकुलं पाहून या, आणि तिथल्या साहेबांपेक्षा देखभाल करणाऱ्या माणसाशी बोला.

बहुतेक ठिकाणी सरळ पट्टा पुरतो. आठ लेन, प्रत्येकी १.२२ मीटर, म्हणजे दहा मीटर रुंद आणि १३० मीटर लांब. शंभर मीटर आणि ११० मीटर अडथळे दोन्ही त्यात बसतात, शर्यत संपल्यावर थांबायला किमान १७ मीटर मोकळे मिळतात, आणि सड्यावर एवढी सपाट पट्टी सहज सापडते. पट्ट्याच्या टोकाला लांब उडीचा खड्डा. पलीकडे गोळाफेकीचं वर्तुळ. आवाराच्या कडेने मुरूम दाबून मोजलेली वाट करा, चारशे मीटरची नसली तरी अंतराचे दगड अचूक लावा. कारण पहाटे मैदानावर येणाऱ्या पोरांतली अर्धी पोलीसभरतीची असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांना शंभर मीटर आणि गोळा. विद्यापीठाच्या पदकांच्या यादीत ती कधी दिसणार नाहीत, पण तुमच्या मैदानाचा सगळ्यात जास्त उपयोग तीच करतात. समितीत कुणी ‘बाहेरची मुलं’ म्हणून नाक मुरडलं तर त्यांतले किती माजी विद्यार्थी आहेत ते मोजून दाखवा.

तरणतलावाचा विषय प्रत्येक बैठकीत निघतो. समोर समुद्र आहे, मुलं पट्टीची पोहणारी आहेत, सगळं खरं. पण २५ बाय साडेबारा मीटरच्या, सरासरी दीड मीटर खोल टाकीला पावणेपाच लाख लिटरच्या घरात पाणी लागतं. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर सत्तेचाळीस टँकर. आणि एप्रिलमध्ये त्याच गावात बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहत असतात. एवढा पाऊस पडून सगळा जांभ्यातून झिरपून समुद्राला मिळतो, हे आपलं जुनं दुखणं. स्वतःचा बारमाही स्रोत असल्याशिवाय तलाव बांधू नका. एका बैठकीत जुन्या चिरेखाणीचाच तलाव करायची सूचना आली होती. सरळ कापलेल्या कडा, चढायला जागा नाही, तळ दिसत नाही. अशा खाणींत दर पावसाळ्यानंतर मुलं बुडतात. ती सूचना पुन्हा आली तर तिथेच थांबवा. तीच खाण पाणी बाहेर काढायला वाट देता येत असेल तर कबड्डी-व्हॉलीबॉलसाठी मात्र फार चांगली, तीन बाजूंनी वारा अडलेला आणि तळ आयता सपाट. कडेला मजबूत गडगा, म्हणजे दगडी बांध, घाला.

नवीन खेळ घेताना मी तीन गोष्टी विचारते. एसटीच्या एका टप्प्यात प्रशिक्षक आहे का? भारतीय विद्यापीठ संघाच्या, म्हणजे विद्यापीठांच्या देशपातळीवरच्या संघटनेच्या, त्या वर्षीच्या यादीत खेळ आहे का, म्हणजे पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धेचं दार उघडं आहे का? पावसाळ्यात त्याचं काय करायचं? मुलं चौथा प्रश्न विचारतात, या प्रमाणपत्राला सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणात धरतात का. तो प्रश्न हलका समजू नका. शासनाच्या यादीत खेळ आहे का ते पाहून त्यांना खरं काय ते सांगा, कारण घरचे त्यावरच सोडतात.

या चाळणीतून मल्लखांब पहिला निघतो. पुरलेल्या खांबाला जमिनीवर २ मीटर ६० सेंटिमीटर उंची लागते, खाली गाद्या आणि दोरीच्या मल्लखांबासाठी वर एक भक्कम आकडा, एवढंच. हॉलचा एक कोपरा पुरतो, पाऊस आड येत नाही. खो-खो तर आहेच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताचे पुरुष-महिला दोन्ही संघ जिंकले, तेव्हापासून मुली आपणहून विचारायला येतात. पण आता वरच्या स्पर्धा मॅटवर होतात आणि आपल्या मुली लाल मातीत शिकलेल्या. मॅटवर पाय वेगळा घसरतो, बूट वेगळे लागतात. त्यामुळे इथे ‘नवीन खेळ’ म्हणजे जुना खेळ नव्या पृष्ठभागावर, असं धरून मॅटचे पैसे मागा. हॉकीची टर्फ, लॉन टेनिस वगैरे प्रस्ताव मी वाचून बाजूला ठेवते. आसपास खेळणारं कुणी नसलं की दोन वर्षांत नेटला वेली चढतात.

वाळू मात्र आपल्याकडे आहे. मे २०२५ मध्ये दीवला घोघला किनाऱ्यावर पहिले खेलो इंडिया बीच गेम्स झाले. त्यात बीच व्हॉलीबॉल, बीच कबड्डी, बीच फुटबॉल, खुल्या समुद्रातलं पोहणं होतं. बीच व्हॉलीबॉलचं मैदान १६ बाय ८, लांबी उत्तर-दक्षिण ठेवा म्हणजे संध्याकाळचा सूर्य कुणाच्याच डोळ्यांत येत नाही. वाळू किमान ४० सेंटिमीटर खोल हवी आणि चाळलेली, शिंपल्यांचे तुकडे पाय कापतात. किनाऱ्यावर कायमचं काही बांधू नका, खांब काढता येणारे करा. नोव्हेंबर ते मार्च कासवं अंडी घालायला येतात आणि पिल्लं मेपर्यंत निघतात. वेळास, आंजर्ले, गुहागर ही नावं माहीत असतात, पण इतरही अनेक किनारे आहेत. रात्रीच्या प्रखर दिव्यांनी पिल्लं समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात. म्हणून वाळूवरचा सराव सूर्यास्ताला संपवा, आणि मैदान आखण्याआधी वनखात्याच्या कासवमित्राला जागा दाखवा.

समुद्रातलं पोहणं सुरू करायचं तर डिसेंबरात मालवणला चिवला किनाऱ्यावर राज्यस्तरीय स्पर्धा असते, तिथे मुलांना आधी नुसती बघायला न्या. बोया कशा लावतात, बचाव होड्या कुठे उभ्या असतात, पोहणारे मोजून पाण्यात सोडतात आणि मोजून बाहेर घेतात. ती मोजणी शिकून या.

खाडीतलं कयाकिंग आणि रोइंग हे माझं लाडकं प्रकरण, म्हणूनच त्याबद्दल सावध लिहिते. विद्यापीठ स्तरावर त्याला वाट आहे. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत रोइंग पहिल्यांदा २०२३ साली आलं आणि गोरखपूरच्या रामगढ तालावर झालं. किनाऱ्यावरून पळत जाऊन होडीत बसायचं बीच स्प्रिंट रोइंग २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये येतंय. तलावातल्या मुलांना जे शिकावं लागेल ते आपल्या मुलांच्या अंगात आहे. अडचण वेळापत्रकाची. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, त्यामुळे ‘सकाळी सहा’ असं कायमचं लिहिता येत नाही. जुना ढोबळ हिशेब सगळ्या कोळीवाड्यांत चालतो, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. म्हणजे अष्टमीच्या आसपास सकाळी सहाला खाडी भरलेली, शिवाय भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे, दिवस असल्याने ओढ कमी. नवशिक्यांना हेच दिवस द्या. पुनवेला आणि अवसेला सहा वाजता चिखलात होडी ओढत न्यावी लागेल, आणि दुपारी उधाण उतरायला लागलं की खाडीच्या तोंडाकडे जाणारी ओढ अनुभवी माणसालाही दमवते. त्या दिवशी जमिनीवर एर्गोमीटर, म्हणजे वल्हवण्याच्या सरावाचं यंत्र, ओढा. सहामाहीचं वेळापत्रक पंचांग आणि बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता समोर ठेवून बनवा, प्राचार्यांना पहिल्यांदा विनोद वाटेल.

पाण्यात उतरायला सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयाची परवानगी लागते, आणि जलक्रीडा २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात. प्रत्येकाला जॅकेट, आधी पोहण्याची चाचणी, बरोबर इंजिनाची एक होडी आणि ती चालवायला गावातलाच माणूस, मानधनावर. जाळी कुठे लावलेली असतात ते त्याला माहीत असतं, आणि भांडण झालंच तर तोच मिटवतो.

पैशाचं थोडक्यात. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास अनुदान असतं, मोठ्या कामांना खेलो इंडिया, आणि कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीत, ग्रामीण व ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण बसतं. कंपनीकडे जाताना इमारत मागू नका, प्रशिक्षकाचा तीन वर्षांचा पगार मागा. इमारतीला देणारे खूप भेटतात, कारण तिच्यावर पाटी लागते.

आणि फाटकाची किल्ली. मे महिन्यात विद्यापीठ बंद आणि गावात चाकरमान्यांच्या क्रिकेट स्पर्धांचा मोसम. कुलूप लावलंत तर ते तुटेल. ग्रामपंचायतीशी लेखी करार करा की मे महिना मैदान गावाचं, खेळपट्टी ठरलेल्या कोपऱ्यातच, गाड्या मैदानाबाहेर, आणि बदल्यात पावसाआधी गटारं उपसणं आणि ऑक्टोबरात गवत कापणं स्पर्धा भरवणाऱ्या गावच्या मंडळाकडे. करारावर सरपंचांबरोबर मंडळाच्या अध्यक्षाचीही सही घ्या, गवत तोच कापवून घेणार आहे.